मदत हवी: सुंदानीत 'नाही' म्हणायला नक्की कोणता शब्द?

रानवारा
उद्या सकाळच्या आत उत्तर हवंय. इंडोनेशियन बऱ्यापैकी येतं, सुंदानी (पश्चिम जावाकडची भाषा) येत नाही. शब्दकोशात 'नाही'साठी तेउ, हेन्तेउ, लाइन, सानेस, मोआल, चान एवढे शब्द दिसतात. 'तेउ' सगळीकडे चालेल का? थोडक्यात नियम सांगा, इतिहास नको.

अक्षरवेल
वाक्यं कोणती आहेत? आणि बोलायचंय कोणाशी, मित्राशी की वडीलधाऱ्यांशी? दोन्ही कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

चकोर
कशाला गुंतागुंत? इंडोनेशियन 'तिदाक'च्या (नाही) जागी तेउ, 'बुकान'च्या (नव्हे) जागी लाइन. झालं काम.

अक्षरवेल
चकोर, एवढ्यावर भागत नाही. मराठीवरून बघा, लवकर कळेल. 'हे पुस्तक माझं नव्हे' यातला 'नव्हे' म्हणजे लाइन, तो नामाला लागतो. 'मला माहीत नाही' यातला 'नाही' म्हणजे तेउ, तो क्रियापद-विशेषणाच्या आधी. 'जाणार नाही' एवढं सगळं एकट्या मोआलमध्ये येतं. 'अजून नाही' म्हणजे चान. आपण बोलताना 'नव्हे'च्या जागीही सर्रास 'नाही' म्हणतो, म्हणून तेउ आणि लाइनची अदलाबदल होते.
आणि हेन्तेउ हे तेउचंच पूर्ण रूप. एका शब्दात 'नाही' असं उत्तर द्यायचं तर हेन्तेउ म्हणा, नुसतं 'तेउ' अर्धवट वाटतं.

जुना_खलाशी
सुंदानीत मित्राशी एक शब्द, वडीलधाऱ्यांशी दुसरा; हे आदराचे थर, उन्दाक उसुक बासा, सतराव्या शतकात मतरामच्या जावानी सत्तेच्या प्रभावाखाली आले. 'बासा' म्हणजे आपली 'भाषा'च. जावाच्या पश्चिम टोकाच्या बांतेनकडच्या बोलीत हे थर फारसे नाहीत.

रानवारा
इतिहास नको म्हटलं होतं. वाक्यं अशी: मी मांस खात नाही. अजून जेवलो नाही. उद्या येणार नाही. तिखट घालू नका. बांडुंगमध्ये जिथे उतरलोय तिथल्या आजींशी बोलायचंय.

मिरचीदाणा
मांस खात नाही म्हणालात तरी 'तरासी' राहतेच. ही कोळंबीची आंबवलेली चटणी सांबालमध्ये (मिरचीच्या ठेच्यात) असते, आणि कारेदोक या कच्च्या भाज्यांच्या कोशिंबिरीच्या शेंगदाण्याच्या वाटणातही बहुतेकदा असते. वेगळं सांगा: 'पुन्तेन, उलाह ङाङ्गो तरासी.' म्हणजे माफ करा, तरासी घालू नका. 'उलाह' हा मनाईचा शब्द, इथे तेउ चालत नाही.

चकोर
मग पहिलं वाक्य 'अब्दी तेउ तुआंग दागिंग'. तुआंग हा जेवणाचा सभ्य शब्द.

अक्षरवेल
तुआंग आदराचा शब्द आहे, पण दुसऱ्याच्या जेवणासाठी. स्वतःसाठी 'नेदा'. हे म्हणजे मराठीत 'मी आलात' म्हणण्यासारखं. पुष्कळ लोक चुकतात, पण आजींसमोर नीट बोला:
अब्दी तेउ नेदा दागिंग.
अब्दी तेउ आचान नेदा. (मित्राशी: कुरिंग चान दाहार.)
एन्जिंग अब्दी मोआल दोंकाप. (मित्राशी: इसुकान कुरिंग मोआल दातांग.) इथेही 'सुम्पिंग' नको, ते मोठ्यांच्या येण्यासाठी.
उलाह लादा तेउइंग. म्हणजे फार तिखट नको. 'लादा' म्हणजे तिखट.
आजींनी 'पारान्तोस तुआंग?' म्हणजे जेवलात का विचारलं, तर उत्तर हेन्तेउ नाही, 'तेउ आचान'. 'झालं का' या प्रश्नाला 'अजून नाही' असंच उत्तर लागतं.

रानवारा
आणि 'नको'? वाढायला आल्या की काय म्हणू? उलाहच ना?

अक्षरवेल
इथेच मराठी फसवते. आपला 'नको' दोन कामं करतो: 'जाऊ नको' आणि 'मला नको'. सुंदानीत पहिल्यासाठी उलाह किंवा तोंग, दुसऱ्यासाठी मित्रांत 'एम्बुंग', आदरानं 'आलिम'. पण वाढणाऱ्या बाईंना आलिमही तुटक वाटेल. 'पारान्तोस, हातुर नुहुन' म्हणा, म्हणजे झालं, आभारी आहे.

चकोर
लाइनची सभ्य बाजू सानेस, हे मान्य. पण इंडोनेशियनची सवय असेल तर लाइन ऐकून घोटाळा होतो. तिकडे लाइन म्हणजे 'दुसरा'. सुंदानीत दुसऱ्याला 'सेजेन' म्हणतात.

मिरचीदाणा
आणि 'नाहीये, संपलंय' याला 'एउवेउह'. मोठ्यांशी 'तेउ आया'. भाजीत मांस आहे का विचारायचं तर 'आया दागिंगना?' उत्तरात यातलं एक ऐकू आलं की निर्धास्त जेवा.

जुना_खलाशी
उच्चार कोणीच सांगितला नाही. रोमन लिपीत एउ दोन अक्षरांत लिहितात, पण स्वर एकच. जीभ 'उ'च्या जागी ठेवायची आणि ओठ गोल न करता सैल पसरायचे. 'ते-उ' असं तोडून म्हटलंत तर कोणाला कळणार नाही. बांडुंगजवळच्या चिलेउन्यी या गावाच्या नावात तोच स्वर आहे, रिक्षावाल्याकडून ते नाव दोनदा ऐका.

रानवारा
लिहून घेतलं: 'पुन्तेन, अब्दी तेउ नेदा दागिंग, सारेंग उलाह ङाङ्गो तरासी.' बरोबर?

अक्षरवेल
बरोबर. 'सारेंग' (आणि) काढा, तिथे नुसतं थांबलं तरी चालतं. आणि शेवटी 'न्या' जोडा, आपल्या 'हं' सारखा, विनंती मऊ होते.