ऑथेंटिकेटर ॲप नको म्हणणाऱ्यांचं करायचं काय?

सर्व्हररूम: एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे. लॉगिनला पासवर्डसोबत ऑथेंटिकेटरचा, म्हणजे मोबाईल ॲपवर सतत बदलणारा, सहा अंकी कोड सक्तीचा केलाय. शाखांतून एकच ओरड: आमच्या खाजगी मोबाईलवर बँकेचं ॲप का? काही अधिकारी तर फोनवरून क्लार्कला कोड वाचून दाखवतात. माझं मत स्पष्ट आहे, जो वापरणार नाही त्याचं लॉगिन बंद. २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले, ते इतक्यात विसरायचे?

काउंटर_तीन: कॉसमॉसमध्ये बनावट स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) उभा करून एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी दिली गेली होती. आमच्या काउंटरवर कोड मागून ते कसं थांबलं असतं, तेवढं सांगा.
आता आमचं ऐका. पेन्शनचा दिवस, रांग दारापर्यंत. व्हाउचर मी टाकते, पासिंग म्हणजे मंजुरी साहेबांकडे, आणि साहेब लॉकरला ग्राहकासोबत गेलेले. तेवढ्यात त्यांची स्क्रीन लॉक. परत आले की पुन्हा पासवर्ड, पुन्हा कोड. इकडे आजोबा विचारतायत, "बाई, झालं का?" मग साहेब जाताना पासवर्डच सांगून जातात. हौस म्हणून कोणी करत नाही हे.

लाल_शाई: ऑडिटमध्ये आयुष्य गेलं म्हणून सांगतो, पासिंगचा पासवर्ड दिला की मेकर-चेकर, म्हणजे एकाने नोंद करायची नि दुसऱ्याने तपासायची ही पद्धत, उरतच नाही. उद्या अफरातफर निघाली तर लॉगमध्ये नाव साहेबांचं. चौकशी अधिकाऱ्याला रांगेचं कारण सांगून बघा. सर्व्हररूम, सक्ती कराच.

कीबोर्डखाली: सक्ती पुण्यातल्या हेल्मेटसारखी होते हो, हवालदार दिसेपर्यंत हातात. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावला की लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७मध्येच सांगितलं, चोरीचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. आपल्याकडे अजून चालूच.
आणि कोड फोनवर सांगता येतो, तसा चोरालाही सांगता येतो. उबरमध्ये २०२२ला चोराने एका कंत्राटी माणसाला लॉगिनच्या मंजुरीच्या विनंत्या पाठवून पाठवून पिडलं, शेवटी त्याने एक मंजूर केली. त्यापेक्षा यूएसबी की द्या, कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्लीच. गूगलने ८५,००० वर कर्मचाऱ्यांना सक्तीने दिली. २०१८मध्ये त्यांनी सांगितलं की तेव्हापासून फिशिंगने (खोट्या मेल-साइटने फसवून पासवर्ड काढणं) कुणाचंही ऑफिसचं खातं गेलेलं नाही. की लावायची, बोट टेकवायचं, झालं. फोनवर वाचून दाखवायला काही उरतच नाही.

सर्व्हररूम: आमचे यूएसबी पोर्ट बंद आहेत, तेही ऑडिटच्याच सांगण्यावरून. शिवाय सीबीएस, म्हणजे बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर, जुनं.

कीबोर्डखाली: पेनड्राइव्ह बंद ठेवा की! अशी की कॉम्प्युटरला कीबोर्ड-माऊसच्या जातीची दिसते, तेवढ्याला मुभा देता येते. सीबीएसचं मात्र खरं आहे, व्हेंडरला विचारावंच लागेल.

लाल_शाई: आणि ती की ड्रॉवरमध्ये ठेवून साहेब जेवायला जातील. मग?

काउंटर_तीन: जातील. म्हणून दुसरा पासिंग अधिकारी द्या. शाखेत माणूस कमी आणि तुम्ही ॲप वाढवताय.
आणि सर्व्हररूम, लॉगिन बंद करायची यादी वरून सुरू करा. सीईओंचा मेल रोज त्यांचे पीए उघडतात, कोडसकट. त्यांचं कधी बंद करताय?

सर्व्हररूम: तो संचालक मंडळाचा विषय आहे.

काउंटर_तीन: बरं.