मदत हवी आहे: कॅफीन-थिअनीनच्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यात, डोस कसा ठरवू?

नमस्कार. मी राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करतेय, पुण्यात पेठेत राहते. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तीन-तीन तास सलग लिहायचा सराव करावा लागतो आणि नेमकं दुपारनंतर डोकं चालेनासं होतं. म्हणून उन्हाळ्यात कॅफीन आणि एल-थिअनीन (चहात असणारं एक अमिनो आम्ल) यांच्या एकत्र गोळ्या सुरू केल्या. एका गोळीत १०० मिग्रॅ कॅफीन आणि २०० मिग्रॅ थिअनीन आहे. तेव्हा एका गोळीत अख्खा पेपर लिहून व्हायचा. आता दिवसाला दोन घेऊनही जांभया येतात.

बाकी काय घेते तेही लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. सकाळी आणि जेवणानंतर एकेक मग कॉफी, प्रत्येकी दोन चमचे, चिकोरीवाली इन्स्टंट. अभ्यासिकेखालच्या टपरीवर दिवसभरात चार कटिंग. गोळी एक दुपारी, दुसरी संध्याकाळी सातला. रात्री वाचत बसायचं असेल तर एनर्जी ड्रिंकचा २५० मिलीचा कॅन. घरी गेले की यातलं काहीच घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकतं की आई म्हणते चष्मा तपास.

वय २६, वजन ५२ किलो, शाकाहारी, रक्तदाब ठीक. परीक्षेला अजून दोन महिने आहेत. मला हे कळत नाही की डोस वाढवायचा, की मध्ये काही दिवस पूर्ण बंद ठेवून पुन्हा सुरू करायचं? मैत्रिणी म्हणतात महिन्यातून आठवडाभर बंद ठेव. आईने ब्राह्मीची पावडरही पाठवलीय, ती यासोबत चालेल का? अंदाजे आकडे नकोत, ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी कृपया सांगावं. हे वर्ष माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

रानवाट: ताई, गोळ्या महाग पडतात. निव्वळ कॅफीनची पावडर किलोने मिळते, चमच्याने मोजून घ्यायची. माझा रूममेट तेच करतो.

खलबत्ता: रानवाट, हे रूममेटला आजच थांबवायला सांगा. शुद्ध कॅफीन पावडरचा एक चहाचा चमचा म्हणजे साधारण २८ कप कॉफी, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बजावलंय. १२०० मिग्रॅ एकदम पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. हे प्रमाण अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी असतं, आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याने मिलिग्रॅम मोजता येत नाहीत. त्या पावडरीने माणसं दगावली आहेत.

आता मूळ प्रश्न. मी औषधनिर्माता आहे, दुकानात रोज तुमच्यासारखी मुलं येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बेरीज करू. टपरीची कटिंग एक धरा २५ मिग्रॅ, चार म्हणजे १००. चिकोरीवाल्या कॉफीचा एक चमचा साधारण ४०, तुमचे दिवसाला चार चमचे, म्हणजे १६०. गोळ्यांचे २००. कॅनमध्ये भारतीय नियमाप्रमाणे लिटरला जास्तीत जास्त ३०० मिग्रॅ चालतं, म्हणजे २५० मिलीला ७५. एकूण ५३५. निरोगी प्रौढांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० अशी आहे. तुमचं वजन ५२ किलो, त्यामुळे तुम्ही त्या मर्यादेच्याही बऱ्याच आत राहिलेलं बरं. तुम्ही गोळ्या मोजताय, पण निम्म्याहून जास्त कॅफीन गोळ्यांच्या बाहेरून येतंय. डोस वाढवायचा प्रश्नच येत नाही.

सवय का होते? आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप येऊ लागते. ते मेंदूत ज्या जागांवर चिकटतं त्या जागा कॅफीन अडवून बसतं. रोजच अडवलं तर मेंदू तशा जागा वाढवतो, मग तेवढ्याच कॅफीनने पूर्वीइतकं काम होत नाही. आणि ज्या दिवशी कॅफीन येत नाही त्या दिवशी सगळ्या जागा मोकळ्या सापडतात. तुमचं घरी गेल्यावरचं डोकं ठणकणं त्याचंच आहे, चष्म्याचं नाही. ही डोकेदुखी शेवटच्या डोसनंतर १२ ते २४ तासांत सुरू होते, एक-दोन दिवस जोरात असते आणि दोन ते नऊ दिवसांत जाते. सकाळच्या कॉफीने जी तरतरी वाटते तिचा मोठा भाग ही ओढ शमल्याचाच असतो.

एक विचारायचं राहिलं. थायरॉईडच्या, आकडीच्या किंवा हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? झोप किती?

धागाकर्ती: मनापासून धन्यवाद, एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. पीसीओडीसाठी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) डॉक्टरांनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्यात, जूनपासून चालू आहेत. झोप म्हणाल तर बारा-साडेबाराला पडते, पण डोळा लागायला दोन वाजतात. सकाळी सहाला उठते.

खलबत्ता: मग हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

कॅफीन यकृतात मोडतं. निम्मं बाहेर पडायला सर्वसाधारण माणसाला पाचेक तास लागतात. गर्भनिरोधक हॉर्मोनच्या गोळ्यांवर (पीसीओडीसाठी बहुधा याच देतात) असलेल्या बाईला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, कारण ज्या एन्झाइमने ते मोडायचं तेच मंदावलेलं असतं. (सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकानेही तसंच होतं. सिगारेट ओढणाऱ्यांचं उलट, त्यांचं लवकर निघून जातं.) म्हणजे सातला घेतलेल्या तुमच्या गोळीतलं निम्मं कॅफीन पहाटे पाचलाही अंगात असतं. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिग्रॅने तासाहून जास्त झोप कमी झाल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलंय, आणि त्यातल्या लोकांना स्वतःला ते नीटसं जाणवलंही नव्हतं. तुम्हाला दुपारी येणारी जांभई ही चार तासांच्या झोपेची आहे. ती गोळीने भरून निघणार नाही.

एकदम बंद करू नका, अभ्यासाचा आठवडा वाया जाईल. दिवसातलं सगळ्यात शेवटचं आधी काढा: पहिल्यांदा कॅन, मग सातची गोळी. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी ५० मिग्रॅच्या आसपास कमी करत जा. दुपारच्या गोळीऐवजी अर्धी, जेवणानंतरच्या मगात दोनऐवजी एक चमचा, असं. तीन-चार आठवड्यांत दिवसाला १५० वर या, आणि तेही दुपारी बाराच्या आत. डोकं दुखलं तर गोळीचं पाकीट वाचा, काही डोकेदुखीच्या गोळ्यांत कॅफीन असतं. साधं पॅरासिटामॉल घ्या. पाणी आणि जेवण वेळेवर. आणि एकदा खाली आलात की महिन्यातून आठवडाभर बंद ठेवायचा खटाटोप लागणार नाही.

कमी डोसने काम होतं का? होतं. ७५ मिग्रॅने सतर्कता वाढते हे मान्य झालेलं आहे, आणि थिअनीनसोबत तर ४० मिग्रॅ कॅफीन आणि ९७ मिग्रॅ थिअनीन इतक्यावरही लक्ष टिकण्यात फरक दिसलाय. थिअनीनची सवय लागल्याचं माझ्या वाचनात नाही, त्यामुळे त्याची काळजी नको.

पहाटवारा: मोडॅफिनिल बघा. माझ्या भावाचा मित्र त्यावरच सीए झाला.

खलबत्ता: नको. ते नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) आणि रात्रपाळीतल्या झोपेच्या विकारासाठीचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका क्वचित का होईना असतो, आणि धागाकर्तीसाठी महत्त्वाचं म्हणजे ते हॉर्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतं.

शेवग्याची शेंग: ब्राह्मीबद्दल मी लिहिते, माझं आयुर्वेदाचं शिक्षण झालंय. आधी पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून बॅकोपा मोनिएरीही विकतात आणि मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिकाही. स्मरणशक्तीवरचे बहुतेक अभ्यास बॅकोपाच्या अर्कावर झालेत, रोज ३०० मिग्रॅच्या आसपास आणि साधारण १२ आठवडे. घरची पावडर म्हणजे अर्क नव्हे, तो आकडा तिला लावू नका. आज घेऊन उद्या पेपरात उपयोग होईल असं हे द्रव्य नाही. तुमच्याकडे आठच आठवडे आहेत, आणि रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब होतात. मी असते तर परीक्षेनंतर सुरू केली असती. आईंना तसं सांगा, त्यांना वाईट वाटणार नाही.

आणि एक. शाकाहारी आहात तर बी-१२, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासून घ्या. पुण्याच्याच के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यात दोन-तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं होतं. बी-१२ कमी असेल तर थकवा, विसरभोळेपणा, लक्ष न लागणं हे सगळं होतं, आणि कॉफीने ते तात्पुरतं झाकलं जातं.

धागाकर्ती: तपासणीची वेळ उद्याचीच घेतली. कॅन आजपासून बंद. शेवटचं विचारते: सराव परीक्षेत एका दिवशी दोन पेपर असतात, सकाळी नऊ आणि दुपारी अडीच. गोळ्या चालू असताना त्या दिवशी कसं घेऊ?

खलबत्ता: साडेआठला एक गोळी, पोटात काहीतरी असताना. तिचा जोर अर्ध्या-पाऊण तासात येतो. तुमच्या वेगाने दुपारी अडीचलाही तिच्यातलं साठ टक्क्यांच्या वर शिल्लक असेल, म्हणून दुसऱ्या पेपरआधी दुसरी गोळी घेऊ नका. फार तर एक कटिंग. दोन पेपरांच्या मध्ये जेवण हलकं ठेवा आणि जमलं तर वीस मिनिटं डोळे मिटून पडा. हे आधी दोन-तीन सराव पेपरांत करून बघा. हात थरथरले किंवा छातीत धडधडलं तर गोळी अर्धी करा, आणि धडधड थांबत नसेल तर तडक डॉक्टरांकडे जा. हॉर्मोनच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाही पुढच्या भेटीत कॅफीनचं सांगून ठेवा.