बॉक्स पलंगात कुबट वास, फळीवर आणि गादीवर काळे ठिपके: काय वाचेल, काय टाकावं?

तळमजला_जुळेसोलापूर
तळमजल्यावरचा फ्लॅट, जुळे सोलापूर. ६ बाय ५ चा बॉक्स पलंग, वर प्लायच्या दोन फळ्या, त्यावर ५ इंची फोमची गादी. आत ठेवणीतल्या ४ सोलापुरी चादरी, २ रजया आणि पाहुण्यांसाठीची एक कापसाची गादी. घट बसायच्या आधीच्या धुण्यासाठी पलंग उघडला तर वासाचा भपकाच आला. फळीच्या खालच्या अंगाला उडदाच्या डाळीएवढे काळे-हिरवट ठिपके आहेत. फोमच्या खोळीवरही डोक्याकडच्या बाजूला तसेच. ती बाजू बाहेरच्या भिंतीला टेकलेली असते आणि भिंतीवर खाली फूटभर पांढरी भुकटी दिसते. कूलर त्याच खोलीत. नुसतं ऊन दाखवून भागेल का? ब्लीच मारावं का? घरात ८ महिन्यांचं बाळ आहे, म्हणून जपून विचारतोय.

ओल_कुठून_येते
आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, गादीचं नंतर. नाहीतर आज घासाल आणि तीन आठवड्यांत ठिपके परत येतील.

भिंतीवरची पांढरी भुकटी बहुतेक लोणा असणार, बुरशी नाही. चिमूटभर खरवडून पाण्यात टाका. विरघळली तर क्षार, म्हणजे भिंतीतून पाणी वर चढतंय आणि सुकताना क्षार मागे ठेवतंय. मग दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि ४८ तास ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला धरले तर खोलीच्या हवेतली. दोन्हीकडे धरले तर दोन्ही.

हवेतली आर्द्रता मोजायला छोटा डिजिटल मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. खरा दाखवतो का ते घरीच तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात ८ तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. ७० आला तर मीटर ५ ने कमी दाखवतो, तेवढे धरून चालायचं. खोलीत ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. ७० च्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशीला वेगळं पाणी लागत नाही.

आणि तो कूलर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. पण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही, गारवा येत नाही आणि खोलीत फक्त बाष्प भरतं. पावसाळ्यात पंप बंद, टाकी रिकामी, वाळ्याच्या ताट्या काढून उन्हात. पाणी साठवायला खोलीत पिंपं भरून ठेवत असाल तर त्यांना घट्ट झाकण हवं.

सुतारकी_सोलापूर
पलंगाबद्दल. बॉक्स पलंग म्हणजे झाकण लावलेला डबा. झोपणाऱ्याच्या अंगाचं बाष्प रात्रभर गादीतून खाली उतरतं, सलग प्लायला अडतं आणि तिथेच मुरतं. आतल्या कपड्यांना तर वाराच नाही.

फळ्या काढून अंगणात किंवा गच्चीवर न्या. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू उडतात. एन-९५ मास्क लावा. आधी फवाऱ्याने ओलं करा, मग पुसा. कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर, लिटरला एक चमचा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. फडकं दर दोन-तीन पुसण्यांनंतर खळबळा, नाहीतर तीच बुरशी पसरवत बसाल. नंतर स्वच्छ ओलं फडकं, मग पांढरं व्हिनेगर पाणी न घालता फवारून तासभर ठेवा, पुसा, २-३ दिवस उभ्या ठेवून वाळवा. डाग थोडा राहील, त्याच्या मागे लागू नका. पूर्ण वाळल्यावरच वॉर्निश किंवा ऑइल पेंट, दोन्ही अंगांना आणि कापलेल्या कडांना खास करून, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. ओल्यावर रंग मारलात तर फुगे धरतील.

रंगाआधी सुताराकडून होल सॉने २५ मिमीची भोकं पाडून घ्या, साधारण सहा-सहा इंचावर. बॉक्सच्या बाजूंनाही खालून दोन-दोन. पलंगाखाली दोन इंची ठोकळे, भिंतीपासून चार-पाच इंच अंतर. फळी प्लाय नसून पार्टिकल बोर्ड असेल आणि कडा फुगल्या असतील तर ती वाचत नाही, बदला.

चादर_पूर्वभाग
चादरींची चिंता करू नका, त्या सगळ्यात सोप्या. सुती आहेत, पाणी आणि साबण दोन्ही सोसतात.

खरं तर वासाचं कारण बरेचदा हेच धुणं असतं. सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरच्या आसपास आणि नवरात्राआधी घरोघरी जाड अंथरूण-पांघरूण धुवायचं तेही त्याच दिवसांत. वरून चादर वाळलेली वाटते, पण काठाच्या दुमडलेल्या शिवणीत ओल राहते आणि तशीच घडी होऊन पलंगात जाते. हाताला ते कळत नाही. काठ गालाला लावून पाहा, गार लागला की अजून ओली आहे.

आधी कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा आणि रंग सुटतो का पाहा. सुटत नसेल तर गरम पाणी (मशीनला ६० अंश) आणि पावडर. सुटत असेल तर कोमट. मशीनमध्ये एका वेळी एकच चादर, दोन कोंबल्या तर मधला भाग नुसता भिजतो, धुतला जात नाही. शेवटच्या खळबळीच्या पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर, त्याचा वास वाळताना उडून जातो. सुगंधी कंडिशनर नको, तो धाग्यावर थर धरतो आणि कुबट वास त्याखाली तसाच राहतो. वाळत घालताना एका दोरीवर दुहेरी नाही, दोन दोऱ्यांवर पसरून. रंगीत चादरीला ब्लीच अजिबात नाही.

रजयांत कापूस असेल तर त्या पाण्यात बुडवू नका. खोळ उसवून धुवा, कापूस वेगळा.

तळमजला_जुळेसोलापूर
धन्यवाद. कागद लावला होता, थेंब भिंतीकडच्या बाजूला आहेत. खोलीत मीटर ७४ दाखवतोय. फोमचं काय करू? आणि बॉक्समध्ये डांबर गोळ्या टाकल्या तर?

ओल_कुठून_येते
थेंब आतून म्हणजे ओल भिंतीत आहे. बाहेरच्या अंगाला माती किंवा फरशी घराच्या जोत्यापेक्षा वर चढलीय का, पावसाळी पाइप भिंतीलगत सांडतो का, हे आधी पाहा. आतून वॉटरप्रूफ रंग मारू नका, पाणी तिथेच अडून आणखी वर चढतं. पलंग तूर्त आतल्या भिंतीकडे हलवा.

डांबर गोळ्या नकोच. त्या किड्यांसाठी, बुरशीला काही करत नाहीत, फक्त वास झाकतात. शिवाय नॅप्थलीनची वाफ ज्या बाळांमध्ये जी-६-पीडी एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी फोडते. ही कमतरता आधी कुणाला माहीत नसते, म्हणून बाळाच्या घरात प्रयोगच नको.

ब्लीच फरशीला, टाइलला ठीक. लाकूड आणि फोममध्ये क्लोरीन वरच राहतो आणि पाणी आत मुरतं, म्हणजे बुरशीला प्यायला दिल्यासारखं. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड यांच्यासोबत ब्लीच कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो.

गादी_कारागीर
फोम: चेन उघडून खोळ काढा आणि आत पाहा. ठिपके फक्त खोळीवर असतील तर खोळ गरम पाण्यात धुवा. फोमवर ७०% आयसोप्रोपिल अल्कोहोल हलकं फवारा, ओलं चिंब नाही, १० मिनिटांनी कोरड्या फडक्याने टिपा. हे गच्चीवर, आजूबाजूला गॅस, उदबत्ती, विडी काही नको, भडका उडतो. फोमवर ठिपके असतील तर सुरीने सेंटिमीटरभर जाडीची चकती काढून पाहा. आतही काळं किंवा पिवळं दिसलं तर टाका. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते आणि फोमच्या आतून ती निघत नाही. बाळ त्यावर झोपणार असेल तर मी चकतीचीही वाट पाहणार नाही.

उघडा फोम कडक उन्हात ठेवू नका, पिवळा पडून भुगा होतो. सावलीत, वाऱ्यावर, दोन स्टुलांवर उभा. कापसाच्या गादीला मात्र ऊन हवंच, बाजेवर टाकून दर दोन तासांनी पालटा. घरात काठीने झोडपू नका.

वाळली की नाही हे वजनावर ठरवा. गादी गुंडाळून दोरीने बांधा, हुकाच्या काट्याला लावा. लागोपाठ दोन दिवस संध्याकाळी वजन सारखं आलं की वाळली. त्यानंतरच चाळणीने खायचा सोडा, सिंगल गादीला एका बाजूस २५०-३०० ग्रॅम, ८ तास ठेवून व्हॅक्यूमने ओढा. सोडा वास ओढतो, बुरशी मारत नाही. ओल्या गादीवर टाकला तर गोळे होऊन कापडात बसतो. धुण्याचा सोडा वेगळा, तो वापरू नका.

चादर_पूर्वभाग
कापसाची गादी उन्हाने भागेल असं वाटत नाही. पलंगात पडून होती ना? पिंजून घ्या.

गादी_कारागीर
वास दोन उन्हांनंतरही राहिला तर हो, पिंजूनच. पण पिंजाऱ्याला आधीच सांगा की बुरशी आहे, म्हणजे तो उघड्यावर आणि तोंडाला बांधून पिंजेल. समोर उसवून घ्या. काळा आणि गोळे झालेला कापूस बाजूला काढायला लावा, उरलेला मोकळा पसरून दिवसभर उन्हात, मग पिंजणं. कापड नवीन घ्या, जुनं परत शिवून आणू नका. जेवढा काढला तेवढा नवा कापूस घालावा लागेल, म्हणून आधी गादीचं वजन करून ठेवा आणि परत घेताना पुन्हा करा.