16 दिवसांत 5 देश: दक्षिण अमेरिकेच्या ग्रुप टूरची आखणी उलटी आहे का?

रानवाट

माझे मावशी-काका पुढच्या मेमध्ये दक्षिण अमेरिकेला निघालेत. दोघंही सत्तरीच्या आसपासचे. ग्रुप टूर आहे, सोबत मराठी टूर लीडर, रात्रीचं जेवण भारतीय. ग्रुप टूरला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. स्पॅनिश येत नाही, इतका लांबचा प्रवास, त्यांना सोबत हवीच. माझा आक्षेप पत्रकातल्या आखणीवर आहे, आणि तो इथे मांडतेय कारण असाच कार्यक्रम मी आणखी दोन-तीन ठिकाणी पाहिला.

क्रम असा आहे: रिओ, इग्वासूचे धबधबे, ब्युनोस आयर्स, सांतियागो, मग आताकामा वाळवंटात सान पेद्रोला एक रात्र. दुसऱ्या दिवशी पहाटे एल तातियोचे गरम पाण्याचे फवारे. तिथून परत येऊन जीपने सरहद्द ओलांडून बोलिव्हियात, आणि मुक्काम लागुना कोलोरादा या उंचावरच्या सरोवराजवळ. पुढे उयुनीचं मिठाचं मैदान, ला पाझ, कुस्को, माचू पिचू, लिमा.

आता उंची बघा, कारण जितकं वर तितकी हवा विरळ. सांतियागो जेमतेम 500-600 मीटरवर. सान पेद्रो 2,400. एल तातियो 4,300. वाटेतली सोल दे मान्याना ही वाफा ओकणारी जागा 4,800 च्या वर. आणि झोपायचं कुठे, तर पुन्हा सुमारे 4,300 मीटरवर, जिथे मेमध्ये रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि कित्येक निवासांत खोल्या गरम करायची सोयच नसते. समुद्रकाठच्या शहरांतून आलेल्या सत्तरीच्या माणसांना दीड दिवसात तिथे नेऊन झोपवायचं, हे मला पटत नाही.

हाच कार्यक्रम उलटा फिरवला तर? लिमा, मग कुस्कोला उतरून न थांबता थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात (साधारण 2,800), माचू पिचू (2,430), नंतर कुस्को (3,400), तितिकाका तलाव (3,812), ला पाझ (3,600 च्या वर), उयुनी (3,650), आणि मग ती उंच सरोवरं. तोवर शरीर तयार झालेलं असतं. तिथून सान पेद्रोला उतरलं की पुढे सगळा उतारच. देश तेच, हॉटेलं तीच. मग हे असं का करत नाहीत?

घाटमाथा

ताई, काळजी रास्त आहे, पण एकाच बाजूने बघताय असं वाटतं. भारतातून लिमा आणि साओ पावलो यांत साओ पावलो गाठणं सोपं पडतं. आफ्रिका किंवा आखातातून एका थांब्यात पोचता येतं. लिमाला आणखी एक टप्पा आणि घड्याळात साडेदहा तासांचा फरक. अशा थकलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी अँडीजमध्ये न्यायचं? आणि पहिल्याच आठवड्यात कुणी आजारी पडलं तर त्याची अख्खी सहल हॉटेलात जाणार. सुरुवातीला रिओ-इग्वासू झालं असेल तर निदान तेवढं पदरात पडलेलं असतं.

माझे आईवडील अशाच टूरने जाऊन आले. डोकं दुखलं, एक रात्र झोप नाही, बस. आजही तो अल्बम महिन्यातून एकदा उघडला जातो.

स्टेथो

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून या एका मुद्द्यावर स्पष्ट लिहितो. घाटमाथा, तुमच्या आईवडिलांना त्रास झाला नाही याचा आनंद आहे, पण त्यावरून इतरांबद्दल काहीच ठरत नाही. उंचीचा त्रास कुणाला होईल हे वयावरून किंवा तब्येतीवरून आधी सांगता येत नाही. रोज पर्वती चढणाऱ्यालाही होतो.

ढोबळ नियम असा की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. दिवसा उंच जाऊन खाली येऊन झोपलात तर त्यात तितका धोका नाही. रानवाट यांनी दिलेल्या क्रमात 2,400 वरून एका उडीत 4,300 ला झोपायचं आहे. 3,400 ला हवेतला ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, 4,300 ला त्याहून कमी. फुप्फुसात पाणी साठायला लागलं तर एकच खात्रीचा उपाय आहे, तातडीने खाली आणणं. लागुना कोलोरादापासून रात्रीच्या अंधारात, कच्च्या रस्त्याने? गाडीत ऑक्सिजनचं सिलिंडर असतं हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

घाटमाथांचा जेट लॅगचा मुद्दा मात्र बरोबर आहे. डोकेदुखी, झोप न लागणं, भूक जाणं, ही लक्षणं दोन्हींत सारखीच, त्यामुळे खरा त्रास ओळखायला उशीर होतो. म्हणून लिमाला दोन रात्री हव्यातच. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी उपयोगी आहे, पण हृदयाची किंवा किडनीची औषधं चालू असतील, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नये. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, जरूर प्या, पण त्याला औषध समजू नका.

आणि एक गोष्ट या धाग्यावर अजून कुणी काढली नाही. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना इथून भारतात परतताना यलो फीव्हरच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात, 6 दिवसांपर्यंत. प्रमाणपत्र लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तुमच्या मावशी-काकांनी बुकिंगचे पैसे भरायच्या आधी हे विचारायला हवं, नंतर नाही.

एकलपायी

मुळात ग्रुप कशाला? पेरूत लांब पल्ल्याच्या बस उत्तम आहेत, जुजबी स्पॅनिश दोन महिन्यांत येतं. मी कुस्कोहून पुनोला दिवसाच्या बसने गेलो. ला रायाची खिंड 4,300 च्या वर आहे, बाजूला बर्फाची शिखरं, रस्त्याला लागून अल्पाका चरताना. पुढे बोलिव्हियात तिकिनाला तितिकाका तलाव चिंचोळा होतो. तिथे सगळ्या प्रवाशांना खाली उतरवतात, बस लाकडी तराफ्यावर चढते आणि आपण वेगळ्या छोट्या होडीतून पलीकडे. पाण्यावर डुलत येणारी आपलीच बस काठावर उभं राहून बघायची. विमानाने ला पाझ गाठणाऱ्याला यातलं काय दिसणार?

घाटमाथा

एकलपायी, वर्णन वाचून जावंसं वाटलं, खरंच. पण तुम्ही तरुण असाल. डिसेंबर 2022 मध्ये पेरूत राजकीय उलथापालथ झाली, रस्ते अडवले गेले, माचू पिचूच्या पायथ्याशी पर्यटक अडकले, पुढे 21 जानेवारी 2023 ला ते स्थळच काही आठवडे बंद केलं. बोलिव्हियात तर रस्ता रोखणं हा आंदोलनाचा नेहमीचा मार्ग. अशा वेळी सत्तरीच्या जोडप्याने दोन महिन्यांच्या स्पॅनिशवर काय करायचं? स्थानिक माणसांशी फोनवर बोलून रातोरात दुसरी गाडी उभी करणारा कुणीतरी लागतो. मी ग्रुपचे पैसे त्यासाठी मोजतो.

एकलपायी

हे मान्य. त्या वयात, त्या परिस्थितीत सोबत हवी.

खडूफळा

शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त. माझं भांडण उंचीशी नाही, 5 देशांशी आहे.

आताकामाला एक रात्र? पृथ्वीवर ध्रुवप्रदेश सोडले तर इतकं कोरडं वाळवंट दुसरं नाही. ते तसं का झालं हे जागेवर उभं राहून दिसतं: पूर्वेला अँडीजची भिंत अ‍ॅमेझॉनकडची वाफ अडवते, पश्चिमेला हम्बोल्टचा थंड प्रवाह किनाऱ्याची हवा गार आणि स्थिर ठेवतो, पाऊस पडायला ढग वर चढतच नाहीत. हवा इतकी कोरडी, की आल्मा ही रेडिओ दुर्बिणींची प्रचंड वेधशाळा तिथेच 5,000 मीटरच्या पठारावर उभारली. पहाटे चारला उठवून फवारे दाखवायचे आणि दुपारी सरहद्दीवर हाकायचं, यात आताकामा कुठे आला?

कुस्कोला कोरिकांचा बघा. इंकांचं सूर्यमंदिर, त्यावर स्पॅनिश लोकांनी सान्तो दोमिंगोचा मठ चढवला. 1950 च्या भूकंपात वरचं बांधकाम कोसळलं, खालच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत, आणि इतकी शतकं झाकलेला भाग उघडा पडला. चुना नाही, मसाला नाही, दगड दगडाला घासून बसवलेला. आपल्याकडे हेमाडपंती देवळांच्या कोरड्या जोडकामावर बोट फिरवलेल्या माणसाला तिथे आपोआप थांबावंसं वाटतं. पण 40 मिनिटांत ‘फोटो काढा, बसमध्ये चला’. मराठी टूर लीडर प्रेमळ असतो, सामान मोजतो, गोळ्यांची आठवण करून देतो, पण ती भिंत वाचून दाखवायला केचुआ ही इंकांची भाषा बोलणारा तिथला गाईड लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

रिओ आणि इग्वासू काढा. पेरू, बोलिव्हिया, उत्तर चिली, एवढंच 16 दिवसांत करा.

घाटमाथा

सर, आदर राखून विरोध करतो. तिकिटाचा आणि व्हिसाचा खर्च एकदाच होतो. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदा त्या खंडावर पाय ठेवणार. इग्वासू इतक्या जवळ असताना न बघता परत यायला सांगणं, हे परत जाऊ शकणाऱ्यांनाच सुचतं. थोडं थोडं सगळं बघणं म्हणजे कमअस्सल बघणं असं मी मानत नाही.

खडूफळा

इग्वासूचंच घ्या. बहुतेक धबधबे अर्जेंटिनाच्या बाजूला आहेत, पुलांवरून चालत ‘सैतानाचा घसा’ या सर्वांत मोठ्या धबधब्याच्या काठापर्यंत जाता येतं, त्याला अख्खा दिवस लागतो. अशा टूरमध्ये अनेकदा फक्त ब्राझीलच्या बाजूने समोरून देखावा दाखवतात. तो सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण 5 देश म्हणताना प्रत्येक देशातला असा अर्धा भाग गळतो आणि पत्रकात ते लिहिलेलं नसतं. थोडं थोडं बघायचं असेल तर काय काय सुटतंय हे तरी आधी कळू दे.

तीळपापडी

रोजच्या भारतीय जेवणावर कुणीच बोललं नाही? मला तो मोठा मुद्दा वाटतो. बटाटा तितिकाकाच्या परिसरातला. शेंगदाणा दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनातला. आपला साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून बनतो तो ब्राझीलकडचा. मिरचीचं कूळही त्याच खंडातलं. म्हणजे एकादशीची खिचडी जवळजवळ अख्खी तिथून आली. त्या मातीत जाऊन रोज रात्री डब्यातली दाल आणि पनीर शोधायचं? पिवळ्या मिरचीच्या, चीजच्या सॉसमधला बटाटा, मोठ्या दाण्याचं कणीस आणि ताजं चीज, ब्राझीलचे कसावाच्या पिठाचे चीज घातलेले गोळे, हे सगळं शाकाहाऱ्याला चालतं (बटाट्यावरचं अंडं बाजूला काढायला सांगायचं; गोळ्यांच्या पिठात मात्र सहसा अंडं असतं, ते न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं).

घाटमाथा

चालतं, पण सूप मागवलं की मांस नाही म्हणत त्यात कोंबडीचं पाणी निघतं. माझ्या आईला ते चालणार नाही. दिवसभर दमल्यावर वरणभात मिळाला तर माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो.

तीळपापडी

मग दिवसाआड करा. दुपारी तिथलं, रात्री आपलं. आठ लाखांच्या वर मोजून तिथल्या क्विनोआ या धान्याची चवही न घेता यायचं, हे काही खरं नाही.

पासपोर्टवाला

याच धंद्यात आहे. ग्रुप घेऊन त्या बाजूला जातो, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

एक, रिओ काढला की बुकिंग येत नाही. पत्रकाच्या पहिल्या पानावर ख्रिस्ताचा पुतळा नसेल तर लोक पान उलटत नाहीत. सरांचं म्हणणं पटतं, पण 25 माणसं जमली नाहीत तर ग्रुपच सुटत नाही.

दोन, क्रम उलटा करण्यात खर्चाचा फरक येतो, पण स्टेथो म्हणतात तो धोका मोठा आहे हे मीही बघितलंय. एका ग्रुपमध्ये लागुना कोलोरादाला मध्यरात्री एका काकांचे ओठ निळे पडले, जीप काढून त्यांना खाली नेलं, देवाच्या कृपेने निभावलं. तेव्हापासून मी स्वतः उलट्या क्रमाचाच आग्रह धरतो. सगळीकडे ऐकलं जातं असं नाही.

तीन, पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न. माचू पिचूचं तिकीट कोणत्या सर्किटचं आहे? 2024 पासून तिथे 3 सर्किटं आणि त्यांत ठरलेले मार्ग आहेत, मागे फिरता येत नाही. सर्किट 3 खालच्या भागातून जातं, आणि कॅलेंडरवर असतो तो वरून दिसणारा देखावा सर्किट 1 किंवा 2 मधून मिळतो. उशिरा बुकिंग केलं की 3 च हाती येतं आणि माणसं वर जाऊन हिरमुसतात. दुसरं, उयुनीचा आरशासारखा फोटो बघून मेमध्ये जाऊ नका. मिठावर पाणी साधारण जानेवारी ते मार्च असतं. मेमध्ये कोरडं, षटकोनी भेगांचं पांढरं मैदान मिळतं. तेही अफाट आहे, 10,000 चौरस किलोमीटरच्या वर, पण आरसा सहसा नसतो. आपल्या शाळांच्या सुट्ट्या मेमध्ये, म्हणून टूर मेमध्ये आणि फोटो मात्र फेब्रुवारीचा. हे ग्राहकाला सांगायला हवं, अनेकदा सांगत नाहीत.

रानवाट

पासपोर्टवाला, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. सर, 5 देशांबद्दल मी तुमच्या बाजूची, पण मावशीला रिओ हवंच आहे आणि पैसे तिचे आहेत, त्यामुळे तिथे घाटमाथांचं ऐकते. झोपण्याच्या उंचीवर मात्र मी हटणार नाही. आज टूरवाल्यांना लेखी विचारलंय: क्रम उलटा होईल का, आणि होत नसेल तर सान पेद्रोला तीन रात्री ठेवून सरोवरांचा मुक्काम वगळून विमानाने ला पाझला नेऊन पहिला दिवस पूर्ण विश्रांती देणार का. स्टेथो, हा दुसरा पर्याय चालेल?

स्टेथो

पहिल्यापेक्षा बरा, पण चांगला नाही. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, तोच 4,000 च्या वर, शहर त्याच्या खाली असलं तरी 2,400 वरून तीही मोठी उडी आहे. ला पाझमध्ये दक्षिणेकडच्या सखल भागात हॉटेल मिळालं तर ते घ्या, तो भाग काही शे मीटरने खाली आहे. सान पेद्रोला असताना दिवसा उंचावर जाऊन रात्री खाली येऊ द्या. लसीचं उत्तर मात्र आधी मिळवा. काकांना लस देता येत नाही असं ठरलं तर ते कारण डॉक्टरांकडून लेखी घ्यावं लागेल आणि ते कागद कुठे चालतात हे प्रत्येक देशासाठी वेगळं तपासावं लागेल.

रानवाट

उद्याच दोघांना घेऊन जाते. टूरवाल्यांचं उत्तर आलं की इथे टाकते.