शब्दचर्चा : 'रिप्रेझेंटेशन'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल : अमेरिकेतल्या कंट्री संगीतावरच्या केन बर्न्सच्या 'कंट्री म्युझिक' (२०१९) या माहितीपटावर आमच्या फिल्म क्लबसाठी पानभर टिपण लिहितेय. आठ भाग, जवळजवळ सोळा तास. ते पाहून झाले, अडलंय एका शब्दापाशी. 'कृष्णवर्णीय कलाकारांचं प्रतिनिधित्व' असं लिहिलं, तर क्लबातल्या काकांनी विचारलं, "निवडणूक लागली का गं?" मग 'चित्रण' केलं. पण चित्रण म्हणजे कसं दाखवलं. मला म्हणायचंय, दाखवलं का, किती, आणि कुठल्या जागी. सुचवा.

गीर्वाण : 'प्रातिनिध्य'. आणि 'कंट्री म्युझिक' कशाला? 'ग्रामसंगीत' म्हणा. मुळात कंट्री हा आपल्या 'कांतार'चाच अपभ्रंश आहे.

शेवटची लोकल : आमच्या नाक्यावर 'कंट्री'चा एकच अर्थ आहे आणि तो क्वार्टरमध्ये मिळतो.

कोशकीटक : गीर्वाणजी, कांतार म्हणजे अरण्य. कंट्री लॅटिन 'कॉन्ट्रा'वरून आलाय, समोर पसरलेला मुलूख. ध्वनी जुळला की सोयरीक जुळत नाही.

घाटमाथा : 'ग्रामसंगीत' नकोच. १९२५ मध्ये राल्फ पीअर या तबकड्यांच्या निर्मात्याने एका बँडचं ध्वनिमुद्रण केलं आणि त्याचं नाव 'द हिल बिलीज' पडलं. कंपन्या गोऱ्यांच्या तबकड्या 'हिलबिली'च्या यादीत टाकायच्या, काळ्यांच्या 'रेस'च्या. गाणी, वाद्यं, चाली कितीदा त्याच, याद्या वेगळ्या. पुढे १९४९ ला 'बिलबोर्ड' या संगीताच्या नियतकालिकाने 'कंट्री अँड वेस्टर्न' अशी सभ्य पाटी लावली. तिचं आणखी सभ्य भाषांतर केलं की खालची जुनी पाटी दिसतच नाही. हिलबिलीला मराठीत चपखल शब्द आहे : घाटी.

कोकणकडा : अहो, ही शिवी आहे! गोव्यात 'घांटी' म्हणून बघा, चहा मिळणार नाही.

घाटमाथा : हिलबिली काय आरती आहे? माझ्या वडिलांना गिरणीत तीस वर्षं घाटीच म्हणत. म्हातारपणी चाळीच्या भजनात ते स्वतःच म्हणायचे, "आता घाट्याचा अभंग ऐका." शब्द तोच, तोंड बदललं.

पाटीपेन्सिल : छान आहे, पण माझा प्रश्न वेगळा होता. उदाहरण देते. डीफोर्ड बेली. माऊथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब काढायचा. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा पहिला कृष्णवर्णीय तारा. १९४१ मध्ये त्याला काढलं. पुढे तो बूटपॉलिशचं दुकान चालवायचा. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानकऱ्यांच्या यादीत) नाव आलं २००५ ला, तो गेल्यावर तेवीस वर्षांनी. याला 'प्रतिनिधित्व नव्हतं' म्हणू? तो तर होता ना तिथे!

शेवटची लोकल : 'दखल'. दखल घेतली, घेतली नाही.

पाटीपेन्सिल : 'दखल'मध्ये घेणारा मोठा होतो. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय कंट्री गायकाच्या सुरुवातीच्या तबकड्या रेडिओवाल्यांकडे फोटोशिवाय गेल्या. आवाजाची दखल घेतलीच होती की.

माळावरून : 'प्रतिनिधित्व'ला हसू नका, एवढीच विनंती. १९१९ मध्ये मताधिकाराच्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली ती याच मागणीसाठी. आमच्या घरात हा शब्द सरकारी नाही. बाद करायचाच तर 'लोकसंगीत' करा. 'लोक' म्हटलं की कोणाचं ते पुसलं जातं. तमाशा 'लोककला' झाला, फडावर उभी राहिलेली माणसं कुठल्या वस्तीतून आली ते कोणी विचारत नाही.

गीर्वाण : इथे भाषेची चर्चा चालू आहे. सामाजिक विषयासाठी वेगळा धागा काढावा.

माळावरून : शब्द काय हवेत उगवतात?

मिरवणूक : अवांतर : त्यात म्हणे बँजो आफ्रिकेतून आलाय? आमच्या बँजो पार्टीतला का? आम्ही तर बटणं दाबून वाजवतो.

कोशकीटक : दोन वेगळी वाद्यं. त्यांचा बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आला. मूळचा भोपळ्याचा, वर चामडं ताणलेलं. माहितीपटात बँजो वाजवणारी गायिका रिॲनन गिडन्स याबद्दल बोलते. तुम्ही वाजवता ते बुलबुल तरंग, त्याचा पूर्वज जपानी 'ताइशोगोतो'.

मिरवणूक : म्हणजे वीस वर्षं गणपतीपुढे मी जपानी वाजवतोय?

गीर्वाण : 'बँजो'ला 'चर्मवीणा' म्हणता येईल.

घाटमाथा : सुपारी द्यायला येणाऱ्याला सांगून बघा, "चर्मवीणा पथक आहे."

पाटीपेन्सिल : टिपण आज रात्री द्यायचंय. 'माहितीपटात कोण दिसतं, कोणाच्या नावावर' असं लिहिलं. एका शब्दाचे पाच झाले.

गीर्वाण : चार. 'माहितीपटात' धरू नये.

मिरवणूक : तो जपानी शब्द परत सांगा हो. आमच्या कीबोर्डवाल्याशी पैज लागलीय.