मदत हवी आहे: काट्याच्या पीसीवर कॉम पोर्ट उघडतच नाही

मंडळी, इथे कोणी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतं का? आमचा इंडिकेटर (काट्याचं वजन दाखवणारा डबा) आरएस-२३२ म्हणजे सिरीयल केबलने ऑफिसच्या पीसीला जोडलेला आहे, मागचा नऊ पिनांचाच पोर्ट, विंडोज १०, आणि हेड ऑफिसच्या आयटीवाल्यांनी नवीन अँटीव्हायरस टाकल्यापासून सॉफ्टवेअर वजनच उचलत नाहीये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम १ (म्हणजे हाच पोर्ट) व्यवस्थित दिसतो, पिवळं चिन्ह वगैरे काही नाही, पण पुट्टीतून (सिरीयल पोर्ट उघडून बघायचं सॉफ्टवेअर) उघडायला गेलं की 'ॲक्सेस इज डिनाइड'.

केबल ठीक आहे, माझ्या लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावून ९६०० बॉडवर (डेटाचा वेग) वजन येतंय. एका पीसीवर तर वेगळीच गंमत, इंडिकेटर सतत डेटा पाठवत असतो ना, तर बूट होताना विंडोजला तो सिरीयल माऊस वाटला आणि कर्सर स्क्रीनभर नाचायला लागला 😀 तिथे माऊसच्या यादीतला 'सिरीयल बॉलपॉइंट' डिसेबल केला, काम झालं. बाकीच्या पीसींवर हा बॉलपॉइंट यादीत दिसतच नाही.

पोर्ट कुठल्या प्रोग्रामने धरून ठेवलाय हे प्रोसेस एक्सप्लोरर या टूलने बघायचं तर ॲडमिन लागतं आणि पासवर्ड हेड ऑफिसकडे. ते म्हणतात आम्ही फक्त पेनड्राइव्ह बंद केलेत, मला ते पटत नाही.

अँटीव्हायरसचं डिव्हाइस कंट्रोल (पीसीला जोडलेली उपकरणं बंद करायची सोय) असं करू शकतं का, की पोर्ट दिसतो पण उघडत नाही? आणि आयटीला नेमकं काय चेक करायला सांगू? तोपर्यंत ऑपरेटर वजनं हाताने लिहितोय आणि गेटवर ट्रकवाले आमच्या नावाने शंख करतायत.