दारात येणाऱ्या जंगली कोल्ह्याला हाताने भरवावं का?

रातवा: आमच्या मागच्या अंगणात हल्ली रात्री एक लाल कोल्हा येतो. आधी कुंपणापाशीच घुटमळायचा, आता पार पायरीपर्यंत येतो, कान टवकारून बघत बसतो आणि मी जरा हललो की पुढचा एक पाय उचललेला तसाच ठेवून थबकतो. इतका देखणा आहे की आम्ही रोज वाट बघतो. पोरं म्हणतात हाताने भरवूया, कुत्र्यासारखा राहील. खरंच माणसाळतो का कोल्हा?

धूळवाट: माणसाला सरावणं वेगळं आणि पाळीव होणं वेगळं हो. सायबेरियात नोवोसिबिर्स्कला १९५९ पासून बेल्यायेव आणि ल्युडमिला त्रुत या शास्त्रज्ञांनी हेच करून बघितलं. माणसाला सगळ्यात कमी बिचकणारे कोल्हे निवडायचे, पुढची पैदास फक्त त्यांचीच, असं पिढ्यानपिढ्या केल्यावर पिल्लं शेपटी हलवायला, हात चाटायला लागली. आणि सुरुवातीचे कोल्हे सुद्धा फर फार्मवरचे, म्हणजे कातडीसाठी पिंजऱ्यात वाढवलेले. तुमचा पूर्ण रानातला आहे, त्याची भीती गेली म्हणजे तो पाळीव झाला असं नाही.

सांजसावली: पटतंय, पण नातं फार जुनं आहे हे पण खरं ना? जॉर्डनमध्ये उयुन अल-हम्माम इथे १६ हजार वर्षांपेक्षा जुन्या दफनभूमीत माणसासोबत कोल्हा पुरलेला सापडलाय, आणि त्या माणसाची हाडं दुसऱ्या खड्ड्यात हलवली तेव्हा कोल्ह्याची पण हलवली होती. कुत्रा पाळीव व्हायच्या आसपासचा काळ. हे वाचल्यापासून मला कोल्हा परका वाटतच नाही, म्हणून थोडंसं खाणं लांब ठेवलं तर काय बिघडतं असं वाटतं.

कातळ: लांब ठेवलं तरी रोजचं नको. एका जागी चारपाच जमले की खरूज पसरते, इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात कोल्हे दाट झाले होते तिथे १९९४ ला खरूज आली आणि दोनेक वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त मेले. दुसरं म्हणजे तुमच्या हातून खाल्लं की तो शेजाऱ्याच्या हाताजवळ पण तसाच जाणार, आणि शेजारी घाबरून काठी घालेल. जिथे रेबीज आहे तिथे तर हातातून भरवणं म्हणजे पोरांना धोकाच. माणसाने कोल्ह्याला खायला घालून खरं भलं केलं ते स्वित्झर्लंडमध्ये, १९७८ पासून कोंबडीच्या मुंडक्यांत रेबीजची लस भरून रानात टाकली आणि १९९९ ला देश रेबीजमुक्त झाला.

रातवा: मग हाताने अजिबात नाही, पोरांना सांगतो. पण खरुजेवरून आठवलं, याच्या शेपटीच्या बुडाशी केस गेलेत आणि सारखा खाजवतो, तेच असेल का?

कातळ: शक्यता आहे, बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. कुत्रा असेल तर त्याला अंगणात सोडू नका, त्यालाही लागते. स्वतः औषध कालवून ठेवू नका, डोस भलत्याच प्राण्याच्या पोटात जातो. लांबून फोटो काढा आणि वन्यजीव बचाव वाल्यांना आजच दाखवा, लवकर कळलं तर बरा होतो.